आरपीजीमध्ये शत्रूला न मारता खरंच जिंकता येतं का?

नायगावचा_नातू (शनिवार, रात्री ११:१०)

माझे बाबा मुंबई पोलिसांत हवालदार होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नायगावची लाइन सोडून आम्ही भांडुपला आलो. घर दोन खोल्यांचं, पीसी बाहेरच्या खोलीत, त्यामुळे मी जे खेळतो ते बाबांच्या डोळ्यांसमोरच असतं. फारसं बोलत नाहीत. हातात चहा, नजर स्क्रीनवर.

परवा स्कायरिम लावला होता, आरपीजी, म्हणजे आपण एखादं पात्र होऊन खेळायचा गेम. एक डाकू जखमी होऊन गुडघ्यावर आला, हरलो म्हणाला. मी तलवार चालवलीच. मागून बाबा म्हणाले, "अरे, शरण आला होता ना तो? बेड्या घालायच्या." मी म्हटलं, बाबा, या गेममध्ये बेड्या नाहीत. आणि सोडला तरी जरा दम खाऊन परत अंगावर येतो. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग त्याला तसं बोलायला कशाला लावलं?"

तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

माझं मत आधीच सांगतो. आडवा केलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे गेमला माहीतच नसेल, तर तिथे न मारणं म्हणजे मारण्याचाच वेगळा आवाज. तुम्हाला काय वाटतं? गेमची नावं शोधून मिळतील हो, नुसती यादी नको. खेळताना तुमचं काय झालं ते लिहा.

चष्मिस (रात्री ११:१६)

अंडरटेल. चला, धागा संपला, सगळ्यांनी झोपा. :)

(बाबांना नमस्कार सांग.)

फेरफटका (रात्री ११:५२)

बाबांना आवडेल असा गेम आहे माझ्याकडे. २००० सालचा पहिला डेउस एक्स. मी तो खूप उशिरा, कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या पीसीवर खेळलो. पहिलीच कामगिरी लिबर्टी आयलंडवर, समोर अतिरेकी, आणि नायकाचा भाऊ पॉल सुरुवातीलाच बजावतो की आपण पोलीस आहोत, शक्यतो जीव घेऊ नकोस. हातात विजेचा झटका देणारा दंडुका असतो, भुलीचे बाण मारणारं छोटं धनुष्य मागून घेता येतं. काम आटोपून मुख्यालयात परतलात की शस्त्रागारातला म्हातारा सॅम कार्टर तुम्ही तिथे कसे वागलात त्यावरून तुमच्याशी बोलतो. मी पहिल्या खेपेला बेटभर प्रेतं पाडून आलो होतो. त्याचं ते बोलणं ऐकून मला खरंच लाज वाटली आणि मी पूर्ण बेट पुन्हा खेळलो.

आता त्याच मालिकेतलं माझं दुःख. २०११ चा ह्यूमन रिव्होल्यूशन. रात्री तीन-तीनपर्यंत जागून एकेका पहारेकऱ्याला मागून धरून निजवायचं, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात ओढून ठेवायचं, असं करत पुढे गेलो. एकही खून नाही. आणि मग पहिला बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू. दार बंद, तो समोर, आणि त्याला मारल्याशिवाय बाहेर पडता येत नाही! बॉसच्या मारामाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून बनवून घेतल्या होत्या, आणि ते जाणवत होतं. २०१३ च्या डायरेक्टर्स कटमध्ये त्या सुधारल्या, वेगळे मार्ग दिले, पण मारणं टळलं नाहीच. कुणालाही न मारल्याची जी ट्रॉफी मिळते तिच्यात बॉस धरत नाहीत म्हणे. ट्रॉफी धरत नसेल. मी धरतो.

सरळसोट (रविवार, सकाळी ९:०५)

मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका.

ह्यूमन रिव्होल्यूशनचं एक राहिलं. त्यात मारण्यापेक्षा बेशुद्ध पाडण्याला जास्त एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात. म्हणजे निम्मे लोक दयाळू होते ते गुणांसाठी. जिथे दयेचा भाव जास्त आहे तिथे दया कसली, तो व्यवहार झाला.

दुसरं असं की हे गेम न मारणाऱ्याला उपाशी ठेवतात. डिसऑनर्डच घ्या (आरपीजी नाही, माहीत आहे). तलवार, पिस्तूल, बॉम्ब, सापळे, माणसाच्या अंगावर उंदरांची झुंड सोडायची विद्या, एवढं सगळं ताट समोर. आणि न मारणाऱ्याला काय? भुलीचा बाण आणि मागून गळा आवळणं. खेळभर तेच. चुकलं की सेव्ह लोड कर, म्हणजे साठवलेल्या ठिकाणाहून पुन्हा. मी तसा खेळलो आहे आणि कंटाळलो आहे. मला लढाई आवडते. पडद्यावरच्या माणसाला मारून मी वाईट माणूस होत नाही.

नायगावचा_नातू (सकाळी ९:४०)

सरळसोट, राग कसला. मारणारा वाईट असं मला म्हणायचंच नाही. तुमचा दुसरा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. बाबांकडे तीस वर्षं लाठी होती. ते सांगतात की लाठी चालवणं वेगळं शिकावं लागतं. कमरेच्या खाली मारायचं, डोक्यावर उचलायचीच नाही, आणि समोरच्याला पळायला एक बाजू मोकळी ठेवायची. म्हणजे न मारण्याचंही एक कसब आहे. गेमवाल्यांनी ते कसब बनवायचे कष्टच घेतले नाहीत.

भूल_देणारी (दुपारी २:३०)

मी भूलतज्ज्ञ आहे, परळच्या एका रुग्णालयात काम करते. धाकट्या भावामुळे गेमची सवय लागली. या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गेममध्ये मानेत बाण बसतो आणि माणूस एका सेकंदात झोपतो. आम्ही थेट शिरेतून औषध देतो तरी पाऊण-एक मिनिट जातं. वजन बघून मात्रा ठरते. साठ किलोच्या माणसाला चालेल ते नव्वद किलोच्याला पुरत नाही, आणि उलट झालं तर श्वास थांबतो. झोपलेल्या माणसाची जीभ मागे पडते. म्हणून आमच्यातलं कुणीतरी शस्त्रक्रिया संपेपर्यंत त्याच्या डोक्याशी बसलेलं असतं. झोपवणं सोपं असतं, आमचं सगळं काम त्याला नीट उठवण्यात आहे.

डोक्यावर दांडा मारून पाडणं तर त्याहून वाईट. मार लागून काही मिनिटं जरी शुद्ध गेली तरी आम्ही सीटी स्कॅन करतो, कारण आतला रक्तस्राव कधी कधी काही तासांनी वर येतो. गेममधला पहारेकरी तासभर तसाच पडलेला असतो आणि पडद्यावर लिहून येतं की तुम्ही कुणाला मारलं नाही.

गेमने डॉक्टरकीचं पुस्तक व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण डिसऑनर्डमध्ये एक गोष्ट मला फार लागली. एका शिपायाला झोपवून गटाराजवळ ठेवला, पुढे गेले, परत येते तर त्याला उंदीर खात होते. बेशुद्ध माणसालाही उंदीर खातात तिथे, आणि तो मेला की मरण तुमच्या खात्यावर. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला उचलून टेबलावर, पेटीवर, कुठे उंचावर ठेवायला लागले. माझा खेळ दुप्पट लांबला. पण त्या पंधरा तासांत मला पहिल्यांदा वाटलं की ही माणसं आहेत.

मला एकच बटण हवंय. पाडलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं.

चष्मिस (दुपारी २:४१)

कुशीवर वळवायचं बटण. ताई, हा प्रतिसाद मी जपून ठेवला.

आरेचा_रहिवासी (दुपारी ४:१५)

भूल_देणारी यांनी लिहिलंय ते मी बिबट्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका इमारतीच्या आवारात बिबट्या शिरला होता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वनखात्याची माणसं आली. डार्ट लागला तेव्हा मला वाटलं आता पडेल. कुठलं काय! डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना गप्प केलं. गोंगाट झाला की जनावर बिथरतं आणि औषध चढायला वेळ लागतो. कितीतरी मिनिटं पूर्ण इमारत श्वास रोखून खिडकीत उभी. मग तो डुलायला लागला, बसला, मान टाकली. तरी लगेच कुणी जवळ गेलं नाही. आधी लांबून काठीने शेपटी हलवून बघितली. नंतर डोळ्यांत मलम घातलं, वर कापड बांधलं, आणि चौघांनी ताडपत्रीवर घेऊन पिंजऱ्यात ठेवला.

गेममध्ये ही थांबण्याची मिनिटं का नसतात? भीती तर त्यातच होती.

भूल_देणारी (दुपारी ४:३२)

त्या औषधाने डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात, म्हणून मलम. वाचून बरं वाटलं. त्या डॉक्टरांना माझा नमस्कार.

कागद_पेन्सिल (रात्री ८:२०)

उशिरा आले. पार्ल्यात दर रविवारी आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून कागद-फाशांवर खेळायचा आरपीजी) डाव असतो, गेली चार वर्षं मीच चालवते. तिथूनच परतले.

सरळसोट यांनी एक्सपीचा विषय काढला तो फार महत्त्वाचा आहे. मारलं की गुण, ही सवय आपल्याला व्हिडिओ गेमनी लावली असं वाटतं, पण मूळ १९७४ च्या डी अँड डीमध्ये बहुतेक गुण खजिन्याचे होते. सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं की एक गुण. राक्षसाला मारून त्यामानाने फारच थोडे मिळायचे. म्हणून जुने खेळाडू राक्षसाला चुकवायचे, लाच द्यायचे, फसवायचे. लढाई म्हणजे बेत फसल्याची खूण. पुढे गुण मारण्याकडे सरकले आणि त्याबरोबर खेळणाऱ्याचा हातही.

न मारण्याचा नियम आवृत्तीगणिक बदलत गेला. साडेतीन आवृत्तीत तलवारीने नुसतं पाडायचं असेल तर फाशाच्या आकड्यातून चार वजा, कारण जपून मारणं अवघड. पाचवीत तो दंड काढून टाकला. जवळून केलेल्या वाराने समोरच्याचे प्राणांक शून्यावर गेले की "बेशुद्ध" म्हणायचं, झालं. त्याच नियमांवर बेतलेल्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये हेच आहे. एक खटका चालू करून ठेवायचा. मात्र तो जवळच्या हत्यारांनाच लागू, बाण आणि मंत्र मारतातच. माझ्या नवऱ्याने खटका चालू आहे म्हणून निर्धास्तपणे आगीचा गोळा टाकला होता.

पण मला सांगायचंय ते टेबलावरचं. आमच्या डावातल्या मुलांनी एकदा एक गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, जिवंत पकडला. मी तयारी केली होती लढाईची. मग प्रश्न सुरू. याला जेवण कोण देणार? रात्री पहाऱ्याला कोण? दोरी किती घट्ट? हात काळेनिळे पडतील. एकजण म्हणाला याला गावात नेऊ, तर दुसरी म्हणाली गावकरी ठेचून मारतील. तीन रविवार गेले त्या एका कैद्यापायी, आणि चार वर्षांत ते तीन रविवार मला सर्वांत जास्त आठवतात. व्हिडिओ गेम नेमके इथेच हात झटकतो.

रात्रपाळी (रात्री १:५०)

हात का झटकतो ते मी सांगू शकतो. मी मालाडला एका स्टुडिओत गेम तपासायचं काम करतो. नाव लिहीत नाही.

मेलेला माणूस गेममधलं सगळ्यांत स्वस्त पात्र असतं. त्याला पुढे संवाद लिहावा लागत नाही, आवाज नोंदवावा लागत नाही, दरवाज्यात अडकतो का बघावं लागत नाही. जिवंत ठेवला की हजार प्रश्न. उठल्यावर त्याला काय आठवतं? तुमच्याशी वैर धरतो की घाबरतो? त्याच्या खिशातली किल्ली तुम्ही घेतलीत, आता त्याने स्वतःचं दार कसं उघडायचं? तिसऱ्या अंकात त्याचा भाऊ "तू माझ्या भावाला मारलंस" म्हणत येतो, ते वाक्य कुणी बदलायचं? एका प्रकल्पात पाडलेला सरदार तसाच जमिनीवर आडवा, आणि दुसऱ्या दालनात त्याच्याच शोकसभेत त्याची बायको रडतेय, असा दोष मी स्वतः नोंदवला होता. उपाय काय निघाला? त्या सरदाराला पाडता येणंच बंद केलं. लिहिणाऱ्या मुलीला फार वाईट वाटलं, तिने त्याच्यासाठी एक पान संवाद लिहून ठेवला होता. पण तारीख जवळ आली होती.

म्हणून कुणी हे निभावलं की मला आनंद होतो. बाल्डर्स गेट ३ मध्येच बघा. मिंथारा नावाची सेनानी, तिला सोबत घ्यायचं तर आधी निर्वासितांची कत्तल करावी लागायची. खेळाडूंनी शोधून काढलं की तिला मारण्याऐवजी नुसतं पाडलं तर ती पुढे भेटते. ती खरं तर फट होती. लॅरियनने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, ती बुजवायच्या ऐवजी पुढच्या एका पॅचमध्ये रीतसर रस्ता करून दिला. हे करायला काय लागलं असेल याची मला कल्पना आहे.

सरळसोट (सोमवार, सकाळी ८:५०, ठाण्याहून फास्ट लोकलमध्ये, चौथी सीट)

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. स्वस्त पात्र हे पटलं.

मग मीही माझं आवडतं सांगतो, कारण मी नुसता तलवारीचा माणूस नाही. १९९७ चा पहिला फॉलआउट. शेवटचा खलनायक मास्टर. माणसांना बदलून नवी जात घडवायचा त्याचा ध्यास. त्याच्याशी एक गोळीही न झाडता बोलता येतं, पण नुसतं गोड बोलून नाही. त्याची नवी जात वांझ आहे, तिला पोरंबाळं होणार नाहीत, याचा पुरावा तुम्ही आधी शोधून आणलेला असावा लागतो. तो पुरावा वाचतो आणि त्याचा डोलारा कोसळतो. लढून हरवल्यावर असं वाटलं नव्हतं मला.

त्यापुढे त्याच मालिकेतल्या २०१० च्या न्यू व्हेगासमधला सेनापती लेगेट लेनियस. तोही बोलण्याने मागे फिरतो, पण तिथे मुख्यतः बोलण्याचं कौशल्य शंभर लागतं. आकडा भरला की वाक्य मिळतं. मला पहिलं जास्त भिडलं.

फेरफटका (सकाळी ९:३०)

पण सरळसोट, मास्टर तर पटल्यावर स्वतःच सगळं उडवून देतो. स्वतःसकट. त्याला न मारणं म्हणायचं का?

सरळसोट (सकाळी ९:३४)

दादर आलं, उतरतोय. खरंय तुमचं. विचार करतो.

लोण_चढवा (सकाळी ११:१५)

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी प्रभादेवीचा, कबड्डी खेळत मोठा झालो. आपल्या मैदानात "मेला" म्हणजे बाद, आणि समोरचा बाद केला की आपला मेलेला जिवंत होऊन आत येतो. सातच्या सात बाद झाले तर लोण, दोन गुण वर, आणि सगळा संघ पुन्हा जिवंत. म्हणजे ज्याची पकड केली तोच पाच मिनिटांनी परत माझ्यावर चढाई करणार, आणि या वेळी माझी पकड कशी आहे हे त्याला माहीत असणार. कुस्तीतही तेच. पाठ टेकली, चीतपट झाली, आणि दोघं एकमेकांच्या अंगाची माती झटकतात. पुढच्या जत्रेत गाठ आहेच.

हरलेला परत येतो आणि शहाणा होऊन येतो. मला असा आरपीजी खेळायचाय.

चष्मिस (सकाळी ११:२२)

पोकेमॉनमध्येही कुणी मरत नाही, भोवळ येते फक्त. माझी आजी बघायची आणि म्हणायची, उपाशीपोटी कशाला पाठवता रे त्यांना.

पागोळी (दुपारी ३:०५)

पहिल्यांदाच लिहितेय. चष्मिसने अंडरटेल म्हटलं आणि पुढे कुणी काही बोललंच नाही, म्हणून. पुढे रसभंग आहे, खेळायचा असेल तर वाचू नका.

२०१५ चा गेम, टोबी फॉक्सचा. सुरुवातीलाच टोरिएल नावाची आईसारखी बाई भेटते. हात धरून चालवते, घरी नेते, तुमच्यासाठी पाय (pie, भाजलेला गोड पदार्थ) करून ठेवते. तुम्हाला निघायचं असतं, ती वाट अडवते, आणि लढाई सुरू. मला वाटलं की तिला थोडं दुबळं करू, मग ती सोडेल. सगळ्या गेममध्ये असंच असतं ना? मी मारत गेले. शेवटचा वार मला वाटला त्याच्या कितीतरी पट बसला आणि ती गेली.

मी रडले. मग सेव्ह लोड करून पुन्हा गेले, या वेळी फक्त दया, दया, दया. ती सुटली. मला वाटलं पुसलं गेलं. पुढच्या दालनात ते पिवळं फूल उभं, आणि ते म्हणतं की तू काय केलंस ते मला माहीत आहे, तू तिला मारलंस आणि मग मागे आलीस.

माझ्या पाठीतून कळ गेली. नायगावचा_नातू, तुम्ही म्हणालात ना, पुढे काय झालं ते गेमला माहीतच नसतं. याला मिटवलेलंही माहीत असतं. त्यात एक्सपीचा खरा अर्थ काय निघतो तो मी इथे सांगणार नाही, तो स्वतः ऐकायला हवा.

फेरफटका (दुपारी ३:४०)

पागोळी, छान लिहिलंत, लिहीत राहा. बाबांसाठी आणखी एक. २०१८ चा किंगडम कम डिलिव्हरन्स, १४०३ सालचा बोहेमिया. त्यात मार खाल्लेला माणूस हत्यार टाकून खरोखर शरण येतो आणि सोडून देता येतो. रंट नावाचा एक सोडला तर कुणालाही न मारता पूर्ण गेम संपवता येतो, त्याची ट्रॉफीही आहे.

नायगावचा_नातू (पुढचा रविवार, रात्री १२:२५)

सगळ्यांचे मनापासून आभार. किंगडम कम माझ्या पीसीला झेपेना, म्हणून अंडरटेल घेतला. आज रात्री बाबांसमोर लावला. पागोळीने लिहिलेलं मी वाचलं होतं, त्यामुळे टोरिएलला हात लावला नाही. दया दाबत राहिलो. ती आगीचे गोळे फेकत होती आणि मला ते नीट चुकवता येईनात. प्राणांक वीसवरून दोनवर आले. मी म्हटलं, बाबा, मेलो आता.

बाबा खुर्चीवरून पुढे सरकले, चष्मा वर केला. "थांब. बघ नीट. ती तुला मारत नाहीये आता. गोळे बाजूने जातायत."

खरंच तसं होतं. लाल बदामाजवळ आले की गोळे वळून जात होते. मी इतका घाबरलेलो होतो की मला दिसलंच नाही.

"हात वळतोय तिचा," बाबा म्हणाले. "मोर्चात समोर ओळखीचं पोरगं आलं की व्हायचं असं."

शेवटी तिने सोडलं. जवळ घेतलं, परत येऊ नकोस म्हणाली आणि गेली. मी गेम बंद करायला लागलो तर बाबा म्हणाले, "सुरुवातीला फोन दिला होता ना तिने तुला? लाव तिला."

मी लावला. तिने काही उचलला नाही.

"झोपली असेल," बाबा म्हणाले आणि आत जाऊन दिवा मालवला. "सकाळी लाव परत."